नावेची शेपटी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय फार लहान आहे. इतका लहान कीं तो तळहातावर मावेल. लांब व अरुंद होडीच्या तळाखालीं, मागच्या टोंकाजवळ, कधीं कधीं एक पातळशी उभी पाती बसविलेली असते. इंग्रजी बोलणारे दर्यावर्दी तिला 'स्केग' म्हणतात. उत्तर युरोपांतील जुन्या नॉर्स भाषेंत ह्या शब्दाच्या मुळाचा अर्थ 'दाढी' असा होता, असें कोशकार सांगतात. होडीच्या हनुवटीला नव्हे, तर तिच्या शेपटाला आलेली ही दाढी! मी तिला आज सोयीसाठीं शेपटी म्हणणार आहें. ह्या शेपटीमुळें होडी सरळ कशी चालते, आणि सरळ चालणारी होडी वळतांना अडून कां बसते, हा प्रश्न आपणांपुढें मांडावयाचा आहे.

नंदुरबार जिल्ह्यांतील एका निवृत्त शाळामास्तरानें ह्या पाण्यांत कां उतरावें, असें कोणी विचारील. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. नौकाशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय कधींच नव्हता. आमचा जिल्हाहि समुद्रापासून दूर. परंतु जिल्ह्याच्या मधून तापी वाहते आणि उत्तरेची सीमा नर्मदेनें आंखली आहे. माझ्या नोकरीचीं बरीच वर्षें नर्मदाकांठच्या शाळांत गेलीं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तेथल्या नदीचा तलाव झाला. पाण्याचा स्वभाव पालटला, आणि त्याबरोबर होडींत बसणाऱ्या माणसांचें नशीबहि पालटलें. म्हणून हा विषय मला शिकावा लागला.

प्रथम एक अनुभव सांगतों. सुमारें अठरा वर्षांपूर्वींची ही गोष्ट आहे. चैत्र संपत आला होता. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी अक्राणी तालुक्यांतील एका गांवाहून दुसऱ्या गांवीं यांत्रिक होडीनें निघालों होतों. होडींत आम्ही नऊ माणसें, दोन शेळ्या आणि ज्वारीचीं कांहीं पोतीं. दुपार टळली तसा पश्चिमेकडून वारा सुटला. दोन्हीं बाजूंच्या डोंगरांमधून तो वारा नळींतून फुंकल्यासारखा येतो. अर्ध्या वाटेवर यंत्र बंद पडलें. क्षणार्धांत होडी वाऱ्याला आडवी झाली, लाटा तिच्या कुशीवर आदळूं लागल्या, आणि कांठावरून पाणी आंत येऊं लागलें. दोघां तरुणांनीं वल्हीं घेतलीं. परंतु एकानें जोर केला कीं नाळ, म्हणजे होडीचें पुढचें टोंक, उजवीकडे जाई, आणि दुसऱ्यानें जोर केला कीं डावीकडे. त्यांची शक्ति होडी पुढें नेण्यांत नव्हे, तर ती फिरविण्यांत खर्च होत होती.

एक वृद्ध नावाडी आमच्याबरोबर प्रवासी म्हणून बसला होता. त्यानें पायाखालची एक सुटी फळी उपसली, ती मागच्या टोंकाशीं पाण्यांत उभी घातली, आणि माझ्या हातीं देऊन तो म्हणाला, "गुरुजी, ही धरा. घट्ट धरा. वळवूं नका." माझी समजूत अशी कीं सुकाणूं म्हटलें म्हणजे तें फिरवायचेंच असतें. मीं फळी थोडी फिरविली. होडी पुन्हां आडवी झाली. म्हातारा ओरडला, "फिरवूं नका म्हटलं ना, गुरुजी! नुसती धरा!" मग मीं ती होडीच्या लांबीच्या रेषेंत गच्च धरून ठेवली. वल्हीं चालूच होतीं. होडीचें मागचें टोंक जणूं पाण्यांत रोवलें गेलें. नाळ वाऱ्याच्या दिशेला वळली, आणि वारा पाठीशीं घेऊन आम्ही पूर्वेकडे सरळ निघालों. पाऊण तासानें कांठाला लागलों. उत्तरपत्रिका भिजल्या होत्या. त्या मीं उन्हांत वाळवून तपासल्या, आणि त्या वर्षीं शाई पसरल्याबद्दल कोणाचे गुण कापले नाहींत.

ती न फिरणारी फळी आम्हांस कशी तारून गेली, हें कोडें मात्र माझ्या मनांतून जाईना. जूनमध्यें शाळा उघडल्यावर मुलांना बरोबर घेऊन मीं एक प्रयोग केला. सागाची वीतभर लांब व दोन बोटें रुंद अशी एक चपटी पट्टी घेऊन तिचीं दोन्हीं टोंकें निमुळतीं केलीं आणि ती हौदांतल्या पाण्यावर सोडली. मागून ढकलली कीं ती हातभर जाऊन भलतीकडेच वळे. मग डब्याच्या पत्र्याचा एक लहान तुकडा मागच्या टोंकाखालीं उभा खोंचला. आतां तीच पट्टी हौदाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत नीट गेली. तेवढ्यांत एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, पत्रा पुढं लावला तर?" प्रश्न उत्तम होता. पत्रा पुढें लावला, तेव्हां पट्टी चार बोटेंहि सरळ गेली नाहीं. गरकन् फिरून तिनें आपलें मागचें टोंक पुढें केलें.

कारण समजावून सांगावें म्हणून मीं खडू उचलला. परंतु आमच्या भिल्ल व पावरा मुलांना माझ्या आकृतीची गरज नव्हती. "हें तर बाणाचं पीस!" असें एकजण म्हणाला. बाणाला पिसें मागें कां लावतात, पुढें कां लावीत नाहींत, हें त्यांनीं घरींच पाहिलेलें होतें. बाणाचें टोंक जरा कोठें वांकडें जाऊं लागलें कीं मागच्या पिसांवर हवेचा आडवा जोर बसतो आणि तो बाणाला पुन्हां रेषेवर आणतो. होडीच्या शेपटीचें काम हेंच. फक्त हवेच्या जागीं पाणी. शास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर, होडीचें पाण्याखालचें अंग आडव्या जोराला जो विरोध करतें, तो सगळा एका बिंदूशीं एकवटला आहे असें मानावें. तो बिंदु मागें सरकला कीं होडी सरळ राहूं लागते. पुढें सरकला कीं ती भरकटूं लागते.

मनुष्याच्या हाताला हें तत्त्व फार प्राचीन काळापासून कळलें असावें. आमच्या खानदेशाला लागून असलेल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत एका जहाजाचें चित्र आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत, आणि मागच्या अंगाला बाजूवर सुकाणूंचीं लांब वल्हीं लटकलेलीं आहेत. संस्कृतांत 'कर्ण' ह्या शब्दाचा एक अर्थ सुकाणूं असाहि आहे, आणि तें धरणारा तो कर्णधार. हल्लीं क्रिकेटच्या संघनायकाला आपण कर्णधार म्हणतों. पण तो शब्द मूळचा नावेचा. 'सुकाणूं' हा शब्द मात्र अरबी 'सुक्कान' ह्या शब्दावरून आला. अरबस्तानाशीं चाललेल्या व्यापाराबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि घरचाच होऊन बसला.

बाजूला लावलेलें सुकाणूं पुष्कळ शतकें जगभर चाललें. इंग्रजी खलाशी जहाजाच्या उजव्या बाजूस 'स्टारबोर्ड' म्हणतात, तें त्या बाजूला सुकाणूंची फळी असे म्हणून. पुढें सुकाणूं बाजूवरून निघून मागें मधोमध आलें. चीनमध्यें ग्वांगझौ येथील एका थडग्यांत इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचें मातीचें जहाज सांपडलें आहे, आणि त्याला मागें मधोमध सुकाणूं आहे. युरोपांत अशा सुकाणूंचीं चित्रें बाराव्या शतकाच्या अखेरीस, चर्चमधील दगडी कुंडांच्या नक्षीवर, दिसूं लागतात.

आमच्या नर्मदेच्या मुखाशींहि नाव सरळ ठेवण्याची कला फार जुनी आहे. पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेलें 'पेरिप्लस' नांवाचें पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांत भडोच बंदराचें वर्णन करतांना तो सांगतो कीं, नदीच्या मुखाशीं वाळूचे दांडे आहेत, भरतीचा लोंढा भयंकर आहे, आणि अनोळखी जहाजाला आंत शिरणें कठीण आहे. म्हणून राजाच्या नोकरींतले तेथलेच कोळी भरपूर माणसें घेतलेल्या मोठ्या होड्यांतून बाहेर येत, परक्या जहाजांना वाट दाखवीत, आणि भरतीच्या पाण्याबरोबर त्यांना ठराविक थांब्यांवरून ओढीत बंदरांत नेत. त्या होड्यांचीं नांवें त्यानें 'त्रप्पग' व 'कोटिंब' अशीं दिलीं आहेत. वाऱ्यावर विसंबून आलेलें, खोल तळाचें जहाज उथळ व वाहत्या पाण्यांत लुळें पडतें; तेथें वल्ह्यांची, चटकन् वळणारी होडीच उपयोगी पडते. सरळ जाणें आणि वळणें ह्या दोन गुणांचें भांडण दोन हजार वर्षांपूर्वीं नर्मदेच्या मुखाशीं असें उघड दिसत होतें.

हेंच भांडण पुढें कोंकणकिनाऱ्यावर युद्धाचें रूप घेऊन आलें. शिवाजीमहाराजांनीं सतराव्या शतकांत जें आरमार उभारलें, आणि कान्होजी आंग्रे ह्यांनीं १७२९ सालीं मृत्यु येईपर्यंत जें गाजविलें, त्यांत गुराबा आणि गलबतें हीं मुख्य होतीं. ओर्म नांवाच्या इंग्रज इतिहासकारानें त्यांचें वर्णन करून ठेविलें आहे. गुराब लांबीच्या मानानें रुंद, पुढें निमुळती होत गेलेली आणि थोड्या पाण्यांत तरणारी. गलबत तिच्याहून लहान व हलकें, चाळीस-पन्नास वल्ह्यांनीं चालणारें. वारा पडला कीं गलबतें गुराबांना ओढून नेत, आणि साधेल तेव्हां सारा तांडा शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला जमून तोफा डागी. पिछाडीलाच कां? कंपनीचीं मोठीं जहाजें खोल तळाचीं; तीं समुद्रावर रेषेंत चालत, पण वारा नसतां त्यांना अंग वळवितां येत नसे, आणि त्यांच्या बहुतेक तोफा तर कुशीला. वळूं न शकणाऱ्या बलाढ्य जहाजाच्या मागें जाऊन उभें राहणें, ही वळूं शकणाऱ्या लहान नावेची युक्ति होती. उलट, उथळ तळाची नाव वाऱ्यानें आडवी सरकते, हें तिचें उणें. दोन्हीं गुण एकाच तळांत पूर्णपणें कोणालाहि मिळालेले नाहींत.

आतां त्या लहानशा पातीकडे वळूं. तिचें काम सर्वांत स्पष्ट दिसतें तें 'कायाक' ह्या होडींत. कायाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशांतील एस्किमो, म्हणजे इनुइट, लोकांची होडी. वाहून आलेल्या लांकडांचा सांगाडा, त्यावर सीलचें कातडें ताणलेलें, आणि मधोमध एका माणसापुरतें भोंक. दोन्हीं टोंकांना पातें असलेल्या वल्ह्यानें ती आळीपाळीनें दोन्हीं बाजूंनीं वल्हवितात. उजवीकडे वल्हें मारलें कीं नाळ डावीकडे जाते, आणि डावीकडे मारलें कीं उजवीकडे. म्हणून ती मुळांतच नागमोडी चालावयास प्रवृत्त असते. पूर्वीं शिकारी हातानें भाला फेकी, आणि त्याचें दुसऱ्या हातांतलें वल्हें होडीला सांवरी. पुढें ग्रीनलंडमध्यें बंदूक आली. बंदुकीला दोन्हीं हात लागतात. वल्हें खालीं ठेवलें कीं होडी वाटेल तिकडे तोंड फिरवी, आणि नेम चुके. तेव्हां तेथील शिकाऱ्यांनीं मागच्या टोंकाखालीं लांकडाची एक पाती बांधावयास सुरुवात केली. हात मोकळे असतां होडीची दिशा कोणी तरी धरून ठेवावी, एवढेंच तिचें काम होतें.

ह्यावरून सुकाणूं आणि शेपटी ह्यांतला भेद लक्षांत येईल. सुकाणूं फिरतें आणि नावेला वळवितें. शेपटी फिरत नाहीं; ती नुसती धरून ठेवते. माझ्या हातांतली फळी सुकाणूं नव्हती, शेपटी होती; आणि मी तिला सुकाणूं समजत होतों, हीच माझी चूक.

कायाकची एक मोठी सफर आपल्या किनाऱ्यावरूनहि गेली आहे. ऑस्कर स्पेक नांवाचा एक जर्मन तरुण १९३२ च्या मे महिन्यांत जर्मनींतील उल्म गांवाहून डॅन्यूब नदींत घडीच्या कायाकमधून निघाला. नद्या, भूमध्य समुद्र, इराणचें आखात असें करीत तो कराचीला आला, आणि तेथून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकिनाऱ्यानें १९३५ सालीं सिलोनला पोंचला. पुढें सात वर्षांच्या सफरीअखेर, १९३९ च्या सप्टेंबरांत, तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दींतील साईबाई बेटावर उतरला. तोंवर महायुद्ध सुरू झालें होतें, म्हणून तेथें त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक समजून अटक झाली. त्याच्या होडीला लहानसें शीड आणि पायांनीं फिरविण्याचें सुकाणूं होतें. एकट्या माणसानें वल्हीं, शीड आणि दिशा हीं तिन्ही सांभाळावयाचीं, तर होडीच्या मागच्या टोंकाला कांहीं तरी मदत हवीच.

आतां वारा, होडी व शेपटी ह्यांचा संबंध नीट पाहूं. होडी पुढें चालली असतां तिची नाळ पाणी कापीत असते, आणि त्या दाबानें पुढचें टोंक पाण्यांत पकडल्यासारखें होतें. मागच्या टोंकाशीं मात्र पाणी सुटून भोंवरे घेत मागें पडतें. तेथें पकड ढिली. अशा वेळीं वारा बाजूनें आला कीं पुढचें टोंक हलत नाहीं, मागचें वाऱ्याबरोबर ढकललें जातें, आणि होडीचें तोंड आपोआप वाऱ्याकडे वळतें. वल्हविणारा मग एकाच बाजूचें वल्हें मारून मारून थकून जातो.

शेपटी खालीं सोडली म्हणजे मागची पकड वाढते. अर्धी सोडली तर पुढची व मागची पकड सारखी होऊन होडी वाऱ्याला आडवी असूनहि नीट जाते. पुरी सोडली तर मागचें टोंकच अधिक पकडलें जातें. मग नाळ वाऱ्यापुढें ढकलली जाऊन होडी वाऱ्याच्या ओघानें धांवते. म्हणून जाणकार लोक वाऱ्याच्या तोंडावर जातांना शेपटी वर ओढून घेतात, वारा कुशीवर असतां अर्धी सोडतात, आणि वारा पाठीशीं असतां पुरी सोडतात. आमच्या त्या दुपारीं वारा पाठीचा होता, आणि फळी पुरी पाण्यांत होती. म्हाताऱ्यानें नेमकें शास्त्रोक्त केलें होतें.

ह्या पातीच्या घडणींतहि विचार आहे. ती जितकी मागें, तितकी तिची तरफ लांब आणि पकड अधिक. परंतु अगदीं टोंकाशीं बसविली तर लाटेच्या माथ्यावर होडी चढतांच पाती हवेंत उघडी पडते आणि निकामी होते. म्हणून ती टोंकापासून थोडी पुढें बसवितात. अरुंद व खोल पाती होडीखालच्या ढवळलेल्या पाण्याच्या खालीं, शांत पाण्यांत उतरते, आणि थोड्या आकारांत चांगली पकड देते. पण दगडावर आपटावयाची तीच आधीं. लांब व उथळ पाती दगडाला दाद देत नाहीं, पण होडीला वळूंहि देत नाहीं. पातीची पुढची कड मागें तिरकी ठेवली म्हणजे शेवाळ व दोऱ्या अडकून न राहतां घसरून जातात. तिची जाडी माशाच्या अंगाप्रमाणें पुढें गोलसर व मागें निमुळती असली म्हणजे पाणी कमी अडतें. वर ओढून घेण्याच्या पातीसाठीं होडीच्या पोटांत एक अरुंद खण करावा लागतो; त्यांत किनाऱ्यावरचा एक खडा अडकून बसला कीं सारी करामत बंद!

आणि ह्या सर्वाची किंमत वळणांत मोजावी लागते. जी पाती होडीला वांकडें जाऊं देत नाहीं, तीच तिला मुद्दाम वळवूं म्हटलें तरी वळूं देत नाहीं. म्हणून वळतांना पाती वर घेऊन होडी एका कुशीवर कलती करतात. म्हणजे दोन्हीं टोंकें उचललीं जाऊन पाण्यांतली लांबी कमी होते, आणि होडी चटकन् फिरते. खळाळत्या नदींतल्या कायाकला तर शेपटी नसतेच. तिचा तळ खरबुजाच्या फोडीसारखा दोन्हीं टोंकांना वर उचललेला असतो. तेथें धोका वाऱ्याचा नसून समोरच्या खडकाचा असतो, आणि खडकाला चुकविण्यासाठीं होडीला क्षणांत वळतां आलें पाहिजे. शेपटी असती तर ती खडकांत अडकली असती, आणि प्रवाहानें तिलाच धरून होडी फिरविली असती. वाहत्या पाण्याला वळणारी होडी हवी. उघड्या, वाऱ्याच्या पाण्याला सरळ राहणारी होडी हवी.

श्रोतेहो, आमच्या नर्मदाकांठची कहाणी येथेंच येऊन मिळते. पूर्वींची नर्मदा खडकांमधून खळाळत जाई. तिच्यावरची होडी म्हणजे या तीरावरून त्या तीरावर जाण्याची सोय. पात्र फार रुंद नव्हतें. नावाडी प्रवाहाला थोडी तिरकी धरून होडी पलीकडे उतरवी. प्रवाह त्याचा ओळखीचा होता; कोणता खडक कोणत्या महिन्यांत पाण्याखालीं असतो हें त्याला पाठ होतें.

सरदार सरोवराची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजीं बसली. पाणीवांटपाच्या लवादाचा निवाडा १९७९ सालीं झाला. आणि १९९० नंतरच्या दशकांत मणिबेलीपासून आमच्याकडे पाणी चढूं लागलें. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें त्या पाण्याच्या कक्षेंत आलीं. २०१७ सालीं धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि २०१९ च्या सप्टेंबरांत जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. शेतें व घरें गेलीं, त्यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे आणि तें लिहिणें योग्यच होतें. मी आज एका लहान गोष्टीकडे लक्ष वेधतों. पायवाटा बुडाल्या, आणि डोंगरावर उरलेल्या पाड्यांना बाजार, दवाखाना, शाळा ह्यांसाठीं होडी हाच रस्ता झाला. या तीरावरून त्या तीरावरची ती होडी आतां मैलोगणती लांब जाऊं लागली. प्रवाह जवळजवळ नाहींसा झाला, आणि त्याच्या जागीं वारा आला. नदीची पिढीजात विद्या असलेल्या माणसाला एका पिढीच्या आंत समुद्राची विद्या शिकणें भाग पडलें, आणि ती शिकविण्यासाठीं कोणतीहि शाळा उघडली गेली नाहीं.

त्यांत यंत्र आलें. पुष्कळ यांत्रिक होड्यांत यंत्राचा पंखाच होडीला ढकलतो आणि पंख्याचें तोंड वळवूनच दिशाहि देतात. यंत्र चालू आहे तोंवर सारें सोयीचें. परंतु तें बंद पडलें कीं होडीचे पाय आणि तिची शेपटी दोन्हीं एकदम जातात. मग ती वाऱ्याला आडवी होते, आणि आडव्या होडीच्या कुशीवर लाट बसते. माझ्या अनुभवांतलें कोडें असें सुटलें.

२०१९ च्या जानेवारींत, मकरसंक्रांतीच्या वेळीं, धडगांवच्या बाजूस भुषा गांवाजवळ नर्मदेच्या पाण्यांत माणसांनीं भरलेली एक होडी उलटली. सणाला म्हणून निघालेलीं माणसें. त्यांतलीं कांहीं परत आलीं नाहींत, आणि त्यांत मुलेंहि होतीं. त्या दिवशीं होडींत माणसें फार झालीं होतीं. जादा भरलेल्या होडीला कोणतीहि शेपटी वांचवूं शकत नाहीं, हें मी स्पष्ट सांगतों. शेपटी दिशा धरते. तोल धरीत नाहीं. तोलासाठीं कोंकणांतले कोळी होडीला बाजूस उलांडी बांधतात, ती युक्ति वेगळी. आणि तोलाचा पहिला नियम तर माणसें मोजून घेण्याचा आहे. होडीच्या एका फळीचें महत्त्व सांगतांना ह्या मोठ्या गोष्टीचा विसर पडूं नये, म्हणून ती येथें सांगितली.

परंतु होडी बुडण्याआधीं पुष्कळदां ती प्रथम आडवी होते, हेंहि तितकेंच खरें. म्हणून माझें मागणें अगदीं साधें आहे. ज्या होड्यांतून आमचीं मुलें शाळेला जातात, त्यांत माणसांची मर्यादा ठरलेली असावी, प्रत्येकाला तरंगण्याचें जाकीट असावें, दोन वल्हीं असावींत, आणि मागच्या टोंकाशीं घट्ट बसेल अशी एक पाती असावी. ती कायमची ठोकलेली नको. कारण आमच्या जलाशयाच्या पोटांत बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत, आणि उथळ किनाऱ्याला लागतांना पाती वर घेतां आली पाहिजे. वर-खालीं सरकणारी पाती करावयाला जमलें तर उत्तमच. न जमलें तर सागाची एक फळी आणि ती अडकविण्याला मागें एक खोबण, एवढ्यानेंहि काम भागेल. आमच्या सुताराला तें अर्ध्या दिवसाचें काम आहे. पातीचा आकार, तिची जागा, तिची खोली हीं प्रत्येक होडीच्या लांबीप्रमाणें व भाराप्रमाणें बदलतील; म्हणून नावाड्यानें सुताराजवळ बसून ती शांत पाण्यांत आणि मग वाऱ्यांत पारखून घ्यावी.

हल्लीं कोंकणच्या किनाऱ्यावर आणि ठिकठिकाणच्या तलावांवर सहलीसाठीं रंगीत कायाका दिसूं लागल्या आहेत. शहरांतलीं मुलें त्यांत हौसेनें बसतात, ह्याचा मला आनंद आहे. त्यांनीं होडींत बसण्यापूर्वीं ती पालथी करून तिचा तळ अवश्य पाहावा. तळ सरळ आहे कीं फोडीसारखा वर उचललेला, मागें पाती आहे कीं नाहीं, ती वर-खालीं सरकते कीं पक्की आहे, एवढें पाहिलें म्हणजे ही होडी कोणत्या पाण्यासाठीं केली आहे हें तिनें न बोलतां सांगितलें असें समजावें.

तो वृद्ध नावाडी आतां हयात नाहीं. कायाक हा शब्द त्यानें कधीं ऐकला नसावा, आणि मीं त्याचा प्रयोग हौदांत करून पाहिला हेंहि त्याला सांगावयाचें राहून गेलें. त्याच्या नातवाच्या होडींत मी गेल्या वर्षीं बसलों होतों. यंत्र नवें होतें, वारा बेताचा होता. मीं सहज पायाखालीं पाहिलें, तर तळाशीं एक सुटी फळी होती. मीं विचारलें, "ही कशाला रे?" तो हंसून म्हणाला, "असूं द्या, गुरुजी. लागते कधीं कधीं."